ग्रामसभेत पोरांच्या मोबाइलबंदीचा ठराव येऊन राहिला, सूचक म्हणून सही करू की नको?

जागल्या (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. थोडक्यात लिहिला तर तुम्ही "मोबाइल वाईट, पोरांना वेळ द्या" एवढंच सांगाल, अन् तेवढं तर आमच्या शाळेच्या भिंतीवरही रंगवलेलं आहे.

मी शेतकरी, दारव्ह्याकडचा. सहा एकर वावर, चार एकरात पऱ्हाटी म्हणजे कापूस, बाकीत चणा. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्षही आहे, म्हणजे खिचडीचा तांदूळ उतरला की मोजायला मी अन् झेंड्याच्या दिवशी पहिल्या खुर्चीवर मी. बाकी अधिकार काही नाही.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे. अठरा वर्षांखालच्या कुणी मोबाइल वापरायचा नाही, सापडला तर बापाला दंड. कल्पना आमची नाही. आमच्याच जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये असा ठराव घेतला होता, दंड दोनशे रुपये. तेव्हा टीव्हीवर बातमी झाली होती. आमच्या एका पुढाऱ्याला ठरावापेक्षा ती बातमीच जास्त आवडली असावी असा माझा अंदाज आहे. शाळेचा अध्यक्ष म्हणून सूचकाच्या जागी माझं नाव टाकून कागद तयार आहे. सही तेवढी बाकी.

महिनाभरापूर्वी विचारलं असतं तर मी उभ्या उभ्या सही केली असती. मधात एक रात्र आली.

आमच्याकडे त्या आठवड्यात लाइन रात्रीची होती. चण्याला ओलीत सुरू होतं, तुषारचे पाइप दर अडीच-तीन तासांनी बदलावे लागतात. एक पाळी झाली अन् हातातली बॅटरी उतरली, म्हणून दुसरी घ्यायला घरी आलो. दार लोटलं तर मधल्या खोलीत अंधार, बायको-पोरगी झोपलेल्या. पोराच्या अंगावर आमची जुनी वाकळ होती. माझ्या मायनं शिवलेली. तिच्यात एका बाजूला तिच्याच लुगड्याचा तुकडा लावलेला आहे, तो घासून घासून जाळी झालाय. सगळी वाकळ काळी, अन् तेवढा चौकोन निळा उजळून राहिला होता. मी दोन मिनिटं तिथंच उभा राहिलो. आत बोटं हलत होती ती दिसत होती.

वाकळ उचलली. फोन तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा गरम. एक चाळीस झाले होते, चार्जिंग चौदा टक्के. हात उचलला नाही, खोटं कशाला सांगू, उचलायला आला होता. पोरगा म्हणतो, "बाबा, बारा वाजताच त सुरू केला न."

मला वाटलं उलट उत्तर देऊन राहिला. दुसऱ्या दिवशी पुतण्यानं उलगडा केला. आमच्या घरातला पॅक रोज दीड जीबीचा. दिवसभरात घरच्यांनी वापरून तो सात-आठ वाजताच संपतो. नवा दीड जीबी येतो रात्री बाराला. गावातली सात-आठ पोट्टी रोज बाराची वाट पाहत जागतात अन् बारा वाजले की सगळे एकदम त्या गोळीबाराच्या गेममध्ये उतरतात. एकानं तर अकरा अठ्ठावन्नचा गजर लावलेला, आवाज बंद, नुसता थरथराट. फोन उशीखाली. मी रानडुकरांसाठी जागल करतो अन् माझं पोट्टं दीड जीबीसाठी.

मग शाळेत मॅडमला विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, परिपाठाला उभ्यानं डुलतात. पहिल्या दोन तासिका मागची रांग डोळे उघडे ठेवून झोपते. मला वाटलं कापूस वेचायला जातात म्हणून थकतात." सातवीतला पोरगा आहे. मागच्या साली काट्यावर कापूस लागला की क्विंटल-किलोचा हिशोब माझ्या आधी तोंडी करायचा, व्यापारीही हसायचा. यंदा त्यानं त्याच काट्यावर माझ्याकडं हात केला. "फोन द्या, कॅल्क्युलेटर काढतो." मला निळ्या चौकोनापेक्षा हे जास्त लागलं.

आता तुम्ही म्हणाल, मग कर ना सही. अडचण अशी की आमच्या घरचा कारकून तोच आहे. ई-पीक पाहणी त्यानं केली, बांधावर उभं राहून फोटो काढून. सरकारी खरेदीत कापूस द्यायचा तर यंदा ॲपवर नोंदणी करा म्हणाले, तीही त्यानंच केली. बँकेचा ओटीपी आला की माझी बायको त्यालाच हाक मारते. अन् शाळेचा अभ्यास? तो येतो ग्रुपवर, संध्याकाळी साडेसातला. म्हणजे दिवसा आम्ही त्याच्या हातात फोन कोंबायचा अन् २६ तारखेला दंडाची पावती फाडायची.

पोरगी दहावीत आहे. मानव विकासच्या निळ्या बसनं तालुक्याला जाते. संध्याकाळी तासभर विज्ञानाचे व्हिडिओ पाहते, तेही आई बाजूला बसलेली असताना. तिनं ठरावाचा कागद वाचला अन् म्हणाली, "गोंधळ यानं घालायचा अन् बंदी मले काऊन?" मला उत्तर आलं नाही.

तर मंडळी, कुणाच्या गावात असा ठराव टिकला आहे का? शाळेला काय सांगावं? अन् त्या बारा वाजताचं काय करावं? सल्ला देताना घरात एकच मोठा फोन आहे हे धरून चला.

---

पैनगंगेकाठचा

भाऊ, मी पुसद भागातलाच, पण बान्सीचा नाही. तिथलं तिथले लोक सांगतील. आमच्या गावी मात्र त्याच हवेत तसाच ठराव झाला होता, म्हणून सांगतो.

पहिले पंधरा दिवस कडक. चावडीवर, देवळाच्या ओट्यावर एक पोट्टं दिसेना. मग पहिला दंड झाला तो सालदाराच्या पोराला. दोनशे रुपये म्हणजे त्या माणसाची आख्खी रोजी. त्याच संध्याकाळी एका सदस्याचा पोरगा पानठेल्यावर फोन घेऊन बसलेला सगळ्या गावानं पाहिला, पावती काही फाटली नाही. तिसऱ्या दिवशी ठराव मेला. कुणी रद्द केला नाही, वहीत अजून आहे.

अन् पोट्टी गेली कुठं? पाण्याच्या टाकीमागं. आधी निदान ओट्यावर डोळ्यांसमोर तरी होती. सही करायची तर दंड काढून करा.

---

रोखठोक_बुलढाणा

पट्टा काढा. दोन दिवसांत लाइनीवर येते.

---

जागल्या

रोखठोक भाऊ, माझ्या बापानं काढला होता. व्हिडिओवर सिनेमा पाहायला पळालो म्हणून. पाठीवर वळ घेऊन पुढच्याच शनिवारी परत गेलो, कारण तो सिनेमा अर्धा राहिला होता. बापाला अजून माहीत नाही.

पैनगंगेकाठचा, सालदाराच्या पोराचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडंही पहिली पावती कुणाची फाटेल ते मी आत्ताच नावासह सांगू शकतो.

---

खडूची धूळ (वाशिम जिल्हा)

दादा, मी शिक्षिका आहे, तेव्हा आधी माझ्या बाजूची चूक कबूल करते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्हीच दारोदार फिरून पालकांना म्हणालो, कसाही करा पण मोठा फोन घ्या. एका बाईनं बकरी विकली होती, माझ्यासमोर पैसे मोजले. खेड्यातल्या पाचवीपासून पुढच्या शाळा ऑक्टोबर २०२१ ला भरल्या, पण ग्रुप काही बंद झाला नाही. आम्हाला सवय लागली. फळ्यावर अभ्यास लिहायचा, मुलांनी तो वहीत उतरवायचा, यात दहा मिनिटं जातात. ग्रुपवर टाकलं की एक मिनिट. शिवाय वर कुणी विचारलं तर टाकल्याचा पुरावा तयार. साडेसातला टाकण्याचं कारण सांगू? साडेसातला माझा स्वयंपाक होतो.

मागच्या वर्षी मुलांच्या वह्या तपासताना एक गोष्ट लक्षात आली. ग्रुपवरच्या अभ्यासाचा फोटो पाहून लिहिणाऱ्या मुलांच्या वहीत माझ्या चुकाही जशाच्या तशा होत्या. मी घाईत "पृथ्वी" लिहिताना वेलांटी ऱ्हस्व टाकली होती, तेवीस वह्यांत ऱ्हस्व. एकानंही पुस्तक उघडलं नव्हतं. त्या दिवसापासून शेवटच्या तासिकेची दहा मिनिटं अभ्यास उतरवण्याची. ग्रुपवर फक्त सुट्टी, लसीकरण, सभा. गरजेचा व्हिडिओ असेल तर शाळेतल्या टीव्हीवर दाखवते. तुम्ही समितीचे अध्यक्ष आहात, समितीच्या बैठकीत हे लेखी मागा. मॅडमवर राग धरू नका, त्यांच्या फोनवरही दिवसातून दहा प्रकारच्या माहित्या मागितल्या जातात. मुलांना "फोन खाली ठेवा" म्हणताना आमच्याच हातात फोन असतो, हे मुलांना दिसत नाही असं समजू नका.

आता तुमच्या लेकीचं. 'असर' नावाच्या शिक्षणाच्या पाहणीचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचा होता. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांतल्या ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत १९.८ टक्के. म्हणजे गावात फोन मुळात मुलांकडे आहे, अन् सरसकट बंदी आली की ती पाळणार मुली. मुलगा टाकीमागे जाईल, मुलगी कुठे जाणार? तुमच्या लेकीनं जो प्रश्न विचारला तो ग्रामसभेत तिलाच विचारू द्या. मतदार नसली तरी ग्रामसभेच्या अध्यक्षांची परवानगी मागून बघा.

---

मूळचा_अकोटचा (सध्या पुणे)

मी संगणकातला माणूस, शेतीतलं कळत नाही, पण या विषयावरचे अभ्यास वाचलेत. उपयोगाचं तेवढं लिहितो.

बंदीच्या बाजूनं सगळ्यात जास्त सांगितला जातो तो २०१५ चा इंग्लंडमधला अभ्यास, दोन अर्थतज्ज्ञांचा, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सनं प्रसिद्ध केलेला. ९१ शाळा पाहिल्या होत्या. शाळेत फोनबंदी आल्यावर गुण थोडे वाढले, पण खरी वाढ मागे पडलेल्या मुलांची. हुशार मुलांना फरक पडला नाही. तुमच्या मागच्या रांगेसाठी हे महत्त्वाचं आहे.

२०१७ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात सुमारे ८०० जणांवर प्रयोग झाला. काहींचा फोन टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत. सगळे मुके करून ठेवलेले. दुसऱ्या खोलीवाल्यांनी कोडी सगळ्यात चांगली सोडवली. नंतर इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा सगळ्यांनाच तेवढा फरक मिळाला नाही, तेव्हा याला वेदवाक्य मानू नका. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय की फोननं एकदा लक्ष उडालं की ते परत लागायला २० मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो. आपली तासिका केवढी असते ते तुम्ही जाणताच.

पण तुमच्या प्रश्नाला खरं लागू पडतं ते २०२५ चं, बर्मिंगहॅम विद्यापीठाचं. ३० शाळा, १,२२७ विद्यार्थी. फोनबंदी असलेल्या अन् नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक सापडला नाही. कारण बंदीच्या शाळेतली मुलं दिवसभराचा एकूण वापर काही कमी करत नव्हती. जास्त वापराचा संबंध मात्र कमी झोप, कमी हालचाल आणि वर्गातल्या वागणुकीशी दिसला. तुमच्या शाळेत पोरं फोन नेतच नाहीत, म्हणजे तुमच्याकडं शाळेतली बंदी आधीपासूनच आहे! गळती रात्री बारानंतरची आहे.

बाहेरच्या देशांचं म्हणाल तर फ्रान्सनं २०१८ मध्ये कायदा करून शाळांत फोन बंद केले, ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना समाजमाध्यमांवर खातंच ठेवू दिलेलं नाही. तिथं जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय, दंड कंपन्यांना. सालदाराला नाही.

जवळचं उदाहरण हवं तर सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो अन् दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. लक्षात घ्या, टीव्ही पण. म्हणजे मोठ्यांनाही किंमत मोजावी लागते.

तुमच्या बाराच्या दुखण्यावर दोन गोष्टी. एक, रोजचा कोटा नसलेले, पूर्ण मुदतीत मिळून अमुक जीबी असे पॅक मिळतात. बाराची जादूच संपते. दोन, २०२५ पासून नुसत्या बोलण्याचे अन् एसएमएसचे पॅकही आलेत. साधा बटणांचा फोन घ्या, त्यात असा पॅक टाका अन् तो घरी ठेवा. मोठा फोन रात्री तुमच्यासोबत वावरात. पालकांनी कुलूप लावायची ॲपं असतात, पण ती मुलाचा फोन वेगळा असेल तर. तुमच्या घरात कुलूपही त्याच फोनमध्ये अन् किल्लीही, अन् ते लावून देणारा कारकून तोच.

---

जागल्या

अकोटवाले भाऊ, शेवटचं वाक्य वाचून बायको हसली. पासवर्ड बदलायला मी त्यालाच सांगितलं होतं.

एकत्र जीबीच्या पॅकचं एक भय वाटतं. महिन्याचा माल हे पोट्टं चार दिवसांत खाऊन बसेल अन् मग माझा ओटीपी... नाही, ओटीपी एसएमएसवर येतो म्हणा. पण बाजारभाव कशावर पाहू? बटणांच्या फोनचं पटलं. माझा जुना कोनाड्यात पडला आहे, बॅटरी फुगली आहे, ती बदलून आणतो.

खडूची धूळ ताई, वेलांटीचं मी मॅडमला जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, माझाही स्वयंपाक साडेसातलाच होतो.

---

डोळेतपासणीस (अमरावती जिल्हा)

ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासतो. शाळांच्या तपासणीत दिसणारी मुलं सांगतो. "फळा दिसतो का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. मग तक्त्यावरची चौथी ओळ वाचायला सांगा, डोळे बारीक करतात, मान वाकडी होते. घरी विचारा, टीव्हीजवळ सरकून बसतो का. हे लक्षण फोन पाहण्यापेक्षा पक्कं.

जवळचं काम फार अन् उन्हा-उजेडातला वेळ कमी, यानं लांबचं कमी दिसण्याचा नंबर लवकर लागतो. तैवाननं २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचं ठरवलं, त्याचा फायदा त्यांना दिसला. आपल्याकडं वावर आहे, मैदान आहे, पैसे लागत नाहीत. फक्त दुपारी खेळाच्या तासिकेला मुलांना वर्गात बसवून माहित्या भरू नका, एवढं गुरुजींना सांगा.

अंधारात वाकळीखाली फोन चेहऱ्यापासून वीतभर असतो. डोळा कोरडा पडतो, डोकं दुखतं, झोप उडते. पोराची एकदा तपासणी करून घ्या, काही नसेलही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या यादीत नाव घाला.

---

बारावीचा_बळी (चंद्रपूर)

काका, मी बारावीत आहे. इथं सगळे मोठे बोलून राहिले म्हणून लिहितो.

तुम्हाला वाटते तो गेमसाठी जागतो. थोडं आहे ते. पण दिवसभर फोन तुमचा असते, काकूचा असते, ताईचा असते. बारानंतर तो त्याचा असते. मी सातवीत होतो तेव्हा माझा खास दोस्त बापासोबत वीटभट्टीवर गेला, सहा महिने. त्याच्याशी मी फक्त गेममध्येच बोललो. तिथं माइक असते. गोळ्या मारता मारता विचारायचो, जेवला का बे, शाळेत नाव घातलं का. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे पोट्टे येडे झाले.

म्हणून सांगतो, तो गेम सोडेल, टीम नाही सोडणार. तुम्ही एकट्यानं त्याचा फोन घेतला तर टीममधून त्याचं नाव कटते अन् दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्याशी कोणी बोलत नाही, हे खरं आहे, हसू नका. आठही जणांच्या घरी एकाच रात्री बंद झालं तर कोणालाच काही वाटत नाही. तुम्ही आठ बाप एकत्र बसा. आठजण म्हणजे काही ग्रामसभा लागत नाही.

अन् एक, त्यानं गेममधले डायमंड घेतले का ते विचारा, मारता मारता नको. मी रविवारी कापूस वेचून किलोमागं दहा रुपयांनी कमावलेले साडेतीनशे त्यात घातले होते. बंदूक सोनेरी झाली फक्त. गोळी तीच लागते.

---

जागल्या

ग्रामसभा झाली म्हणून लिहायला आलो. मधात पाच दिवस चण्यात होतो.

आधी बारावीवाल्याचं. त्याचा निरोप वाचला त्याच रात्री मी सात घरं फिरलो. दोन घरी बापाला गेम काय हेच माहीत नव्हतं. एकजण म्हणाला, पोरगा रात्री अभ्यास करतो, मी तर कौतुकानं उठून त्याला दूध देत होतो. त्याला फोनमधला वापराचा तक्ता उघडून दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बारा ते तीन. अन् दूध मी एकला द्यायचो." डायमंडचं विचारलं. माझ्या पोरानं दोनशे दहा घातले होते. पऱ्हाटीतले. एकवीस किलो कापूस झाला तो. मी नुसतं एकवीस किलो म्हणालो, तो खाली पाहत राहिला.

ग्रामसभेत दंडाचा ठराव आला. मी सूचक व्हायला नकार दिला तर पुढारी म्हणाले, अध्यक्ष पोराच्या बाजूनं झाले. पोरीला बोलायला उभं केलं. हात थरथरत होता, तरी तिनं तोच प्रश्न विचारला अन् वर एक जोडला: दंड कोण वसूल करणार अन् त्याच्या खिशातला फोन कोण तपासणार? मागं बाया हसल्या. दंडाचं वाक्य खोडलं गेलं, पुढाऱ्याच्याच पेनानं. टीव्हीवाले काही येणार नाहीत आता.

त्याजागी झालं ते एवढंच. शाळेचा अभ्यास वहीत, ग्रुपवर नाही. मॅडमनं उठून हो म्हटलं. आमच्याकडं गुरुदेवाची सामुदायिक प्रार्थना होते संध्याकाळी, तिची घंटा झाली की दीड तास टीव्ही-फोन बंद, सगळ्या गावात. हे किती दिवस चालते ते पाहू. पहिल्याच दिवशी दोन घरांतून मालिकेचा आवाज येत होता, त्यातलं एक घर माझ्या सासूचं. अन् आठ बापांचं आपलं आपलं ठरलं ते असं की रात्री मोठा फोन बापाजवळ. मी वावरात नेतो, घरी बटणांचा.

आठही पोट्टी दोन दिवस तोंडं पाडून फिरली. तिसऱ्या दिवशी शाळेमागं विटी-दांडू सुरू होता असं कानावर आलं, मी पाहिला नाही. झोपायला लागलीत म्हणतात मॅडम. तोंडी हिशोब अजून परत आला नाही, परवा काट्यावर बोटं मोजत होता, पण फोन मागितला नाही.

मात्र एक घोटाळा झाला. काल रात्री तुषार सुरू करून मी मचाणावर बसलो. दुसरी पाळी साडेतीनला. थंडी होती, रानडुक्कर नव्हतं, फोन हातात होता. सहज म्हणून एक व्हिडिओ पाहिला, बैलांच्या शंकरपटाचा. मग दुसरा आला. मग कुण्या पंजाब्याचा ट्रॅक्टर. पाइप बदलायला पावणेपाच झाले, एका पाटात पाणी थांबून चण्याचा चिखल.

सकाळी पोरानं माझ्या हातातून फोन घेतला, काहीतरी उघडलं अन् चहा पिणाऱ्या माझ्या तोंडासमोर धरला.

"बाबा, रातचा दीड जीबी कुठी गेला?"